जुना सोलर गळायला लागलाय, आता नवीन काय बसवू? सोलर, गिझर, गॅस की हीट पंप?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला तुमचं खाली-वर रो हाऊस, घरात सहा माणसं, बाथरूम तीन. गच्चीवर पाणी तापवायचा २०० लिटरचा, काचेच्या ट्यूबवाला सोलर होता, तो ११ वर्षं चालला आणि आता टाकीच्या बुडातून थेंब थेंब गळतोय, सकाळी पाणी जेमतेम कोमट येतं. खालच्या बाथरूममधला गिझर चालू केला की ट्रिप मारतो. सासरे पहाटे ५ ला अंघोळ करतात. एका डीलरने ३०० लिटरचा सोलर सांगितला, दुसऱ्याने सांगितलं सोलर सोडा हीट पंप (हवेतल्या उष्णतेवर पाणी तापवणारं विजेचं मशीन) घ्या, शेजारचे म्हणतात गॅस गिझर सगळ्यात स्वस्त, आणि सासूबाईंचं म्हणणं की तांब्याचा बंबच बरा होता. पाणी बोअरचं आणि नळाचं, दोन्ही एकाच टाकीत पडतं.

तुमच्या प्रश्नातलं हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि ते एकाही डीलरने विचारलेलं दिसत नाही. मी नाशकात सोलर आणि प्लंबिंगचं काम बरीच वर्षं करतोय, माझा अनुभव असा की लोक आधी मशीन निवडतात, मग ब्रँडवर भांडतात, आणि पाणी कसलं आहे, पाइप कुठून फिरलाय, घरात अंघोळी किती वाजता होतात हे कोणी बघतच नाही. तुम्ही उलट्या बाजूने चला. मशीन सगळ्यात शेवटी निवडायचं.

पाण्यापासून सुरू करू. नाशिकची जमीन बेसॉल्टची, काळा खडक, त्यामुळे बोअरच्या पाण्यात कॅल्शियम मॅग्नेशियम भरपूर असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हार्डनेसची, म्हणजे याच क्षारांमुळे येणाऱ्या जडपणाची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा सोर्सच नसेल तर ६०० पर्यंत चालतं असं धरलंय. आता समजा तुमचं पाणी ५०० चं आहे आणि सोलरमधून रोज २०० लिटर जातं, तर रोज १०० ग्रॅम म्हणजे वर्षाला ३६ किलोच्या वर क्षार त्या टाकीतून जातात. सगळे काही आत बसत नाहीत, बरेचसे पाण्याबरोबर निघून जातात, पण पाणी जितकं जास्त तापतं तितका थर जास्त धरतो, ६० डिग्रीच्या वर तर फार पटकन. म्हणून साध्या नळाला दिसत नाही इतकं सोलरमधे आणि गिझरच्या कॉइलवर बसतं. गिझर ट्रिप मारतोय म्हणालात, तेही बहुतेक याच पाण्यामुळे, कॉइलवर थर चढला की ती आतल्या आत जास्त तापते, वरचं आवरण फुटतं, पाणी आत शिरतं आणि करंट अर्थिंगला जायला लागतो. ट्रिप मारतोय म्हणजे संरक्षण काम करतंय. त्यामुळे एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) मोठी टाकून घ्या असं कोणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका, तो गिझर आजपासून बंद ठेवा.

जुना सोलर काढायच्या आधी एक गोष्ट स्वतः बघून घ्या. सकाळी लवकर, ऊन यायच्या आत, टाकीचं पाणी सोडून प्लंबरला कडेची एक ट्यूब हळूच फिरवत ओढायला सांगा. ती उलटी केली की बुडातून पांढरा भुसा पडेल, खडूच्या चुऱ्यासारखा, जड पाण्याच्या घरात ओंजळभर सहज निघतो. मग ट्यूबचं खालचं बंद टोक बघा. तिथे आतून चंदेरी आरशासारखी चकाकी असते. ती चकाकी जाऊन टोक दुधासारखं पांढरं झालं असेल तर त्या ट्यूबमधला व्हॅक्यूम गेला, आता ती ऊन घेते पण उष्णता धरत नाही, कारण या काचेच्या नळीचं सगळं काम थर्मासच्या तत्त्वावर चालतं. खालून नुसतं उभं राहून पाहिलंत तरी अशा पांढऱ्या टोकाच्या किती आहेत ते मोजता येतं. दोन-तीन असतील तर एवढा फरक पडत नाही, पण सात-आठ निघाल्या तर पाणी कोमट का येतं याचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. टाकीला ट्यूब जिथे घुसतात तिथल्या रबराच्या रिंगा कडक झाल्यात का तेही पाहून घ्या, कारण नुसत्या रिंगा गळत असतील तर टाकी बदलायची गरजच नाही, रिंगा बदलून भागतं. पण बाहेरच्या पत्र्याच्या खालच्या शिवणीतून तांबूस पाणी ठिबकत असेल तर आतली टाकी वेल्डिंगपाशी गेली, मग डागडुजीत पैसे घालू नका. ११ वर्षं या पाण्यावर चालला म्हणजे त्याने त्याचं काम केलं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो. तुम्ही याच पाण्यावर कितीही भारी टाकी बसवलीत तरी काही वर्षांनी परत इथेच याल. बहुतेक वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पाण्याचा हार्डनेस अमुकच्या वर असेल तर वॉरंटी लागू नाही, म्हणजे कंपनीलाही हे माहिती आहे. उपाय म्हणून लोक थेट सॉफ्टनर, म्हणजे पाण्यातला जडपणा काढणारं यंत्र, सांगतात. सॉफ्टनर चांगला असतो, पण त्याला दर काही दिवसांनी मीठ टाकून रिजनरेशन (आत साठलेले क्षार धुऊन काढणं) करावं लागतं, आणि अख्ख्या घराला लावला तर बागेला आणि फ्लशलाही तेच महागडं पाणी जातं. महिना-दोन महिने उत्साहाने मीठ टाकतात, नंतर तो नुसता पाइपासारखा उभा असतो. पाइपवर गुंडाळायचे मॅग्नेट आणि तसली उपकरणं मी बसवत नाही, मला त्याचा भरवशाचा परिणाम दिसलेला नाही.

तुमच्या घरी याच्यापेक्षा सोपा मार्ग आहे. तुम्हाला महापालिकेचं पाणी येतंय, ते मुळात धरणाचं पाणी, बोअरच्या मानाने खूप हलकं. सोलरला दिवसाला लागतं किती, तर जास्तीत जास्त २०० लिटर. मग गच्चीवर ५०० लिटरची एक वेगळी काळी टाकी ठेवा, तिच्यात फक्त नळाचं पाणी चढवा, आणि तिच्यातून फक्त सोलर आणि गिझरला लाइन द्या. बोअर बाकी सगळ्याला, संडास, बाग, गाडी धुणं, जुन्या टाकीतून. खाली अंडरग्राउंड टाकीत दोन्ही पाणी एकत्र होत असेल तर तिथेच वेगळं करावं लागेल, नळाचा पाइप एका छोट्या टाकीत घेऊन तिला वेगळी छोटी मोटर. याला खर्च येतो, पण सॉफ्टनरपेक्षा कमी येतो आणि मीठ टाकायची कटकट नाही. नळाला पाणी नसेल त्या दिवसापुरता बोअरचा एक कॉक जोडून ठेवा, पण तो एरवी बंद. आणि हे सगळं करायच्या आधी दोन्ही पाण्याचा हार्डनेस मोजा. टीडीएस मीटरवर जाऊ नका, टीडीएस म्हणजे सगळे विरघळलेले क्षार मिळून, त्यात हार्डनेस किती ते कळत नाही. थेंब टाकून रंग बदलेपर्यंत मोजायचं किट मिळतं, किंवा पाणी तपासणाऱ्या लॅबला बाटली द्या. नळाचं पाणी २०० च्या आत आलं तर बाकी काहीच करू नका.

साइजचं बोलू. ३०० लिटर तुम्हाला नको. हिशोब असा करा. डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे १६ डिग्रीच्या आसपास धरा, अंघोळीला ४० डिग्रीचं लागतं. एका माणसाला बादलीने ३० लिटर पुरतं. रात्रभर थोडी उष्णता जाऊन सकाळी सोलरमधलं पाणी ५० डिग्री राहिलं असं धरलं तर त्या ३० लिटरमधे गरम पाणी साधारण २१ लिटर जातं, बाकीचं गार. सहा जणांचे मिळून १२५ ते १३० लिटर. वर भांडी घासायला थोडं, पाइपात अडकून वाया जाणारं थोडं. टाकीतलं गरम पाणी काढताना खालून गार शिरतं आणि शेवटचा पाचवा हिस्सा कोमट होतो, तेवढाही सोडून द्या. तरी २०० लिटर पुरतो. ३०० कधी घ्यायचा, तर घरात तीन-चार जण रोज निवांत शॉवर घेणारे असतील तेव्हा, कारण शॉवरला दुप्पट पाणी सहज जातं. मोठा घेतला की नुकसान नुसतं पैशाचं नसतं, ज्या दिवशी ऊन कमी त्या दिवशी ३०० लिटर अर्धवट कोमट होतं, आणि उन्हाळ्यात वापर नसताना तेच पाणी इतकं उकळतं की रिंगा आणि वाफ बाहेर सोडणारा व्हेंट पाइप लवकर खराब होतात.

तुम्ही विचारलंय की जवळच्या निफाडला थंडीत पारा एवढा खाली जातो, मग थंडीत सोलर चालेल का. चालतो, आणि चांगला चालतो. आपल्याकडे थंडीत आभाळ निरभ्र असतं, आणि ट्यूबला हवेच्या गारठ्याचं फार घेणं नसतं, तिला ऊन हवं. सोलर अडतो तो पावसाळ्यात. जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत सलग ढग असतात, तेव्हा बॅकअप लागतोच. म्हणून कोणी म्हणालं की सोलर घेतला की गिझर काढून टाका तर तसं करू नका.

सावली मात्र नीट बघा. तुमच्या दक्षिणेला मधल्या काळात नवीन बिल्डिंग झाली का? नाशिकला डिसेंबरच्या शेवटी दुपारी सूर्य जेमतेम ४६-४७ डिग्री वर असतो, म्हणजे १० फुटांच्या भिंतीची सावली भर दुपारीही साडेनऊ फूट पडते, सकाळी ९ ला तर कितीतरी लांब. ऑक्टोबरमधे मोकळी दिसणारी जागा डिसेंबरमधे सावलीत जाते. सोलर दक्षिणेकडे तोंड करून, ३० ते ३५ डिग्री उतार ठेवून बसवा. उतार जास्त ठेवला की थंडीतलं खालचं ऊन नीट मिळतं आणि उन्हाळ्यात फुकटचं उकळणंही कमी होतं.

ट्यूबवाला घ्यायचा की फ्लॅट प्लेट, हा वाद बराच चालतो. फ्लॅट प्लेट म्हणजे तांब्याच्या नळ्यांचा काचेखालचा पॅनेल, टिकायला मजबूत, वरची काच टफन्ड असते त्यामुळे गारपिटीत टिकाव धरतो, आणि आपल्याकडे मार्च-एप्रिलमधे गारा पडतात हे द्राक्षवाल्यांना विचारा. पण त्याच्या तांब्याच्या नळ्या बारीक, जड पाण्याने चोंदल्या की साफ करणं अवघड, त्याला हीट एक्स्चेंजरवाली (नळ्यांतलं पाणी आणि वापरायचं पाणी वेगळं ठेवणारी) टाकी लागते आणि किंमत वाढते. ट्यूब रुंद असते, चोंदत नाही, काढून धुता येते, फुटली तर एकटी बदलता येते. तुमची नळाच्या पाण्याची वेगळी लाइन झाली तर दोन्ही चालतील. पण तुमचं बजेट बघता मी ट्यूबवालाच सांगेन, ५८ मिलिमीटर जाडीच्या १८०० लांबीच्या ट्यूब, २०० लिटरला अशा २० असाव्यात. काही जण १५-१६ लावून २०० लिटर म्हणून विकतात, मोजून घ्या.

आता गॅस गिझर. शेजाऱ्यांचं म्हणणं हिशोबाने चूक नाही. तुमच्या घरच्या सहा अंघोळींना थंडीत रोज साधारण ५ युनिट वीज लागते, गिझर गरम ठेवण्यातला तोटा वेगळा. तेवढीच उष्णता गॅसवर घेतली तर १४.२ किलोचा सिलेंडर महिनाभर जातो. म्हणजे एक सिलेंडर मोटामोटी १४५ युनिटांच्या बरोबरीचा. सिलेंडर ९०० च्या आसपास धरला तर युनिटमागे सव्वासहा रुपये झाले. महावितरणच्या बिलावर तुमचा शेवटचा स्लॅब किती रुपयांनी पडतो ते बघा, तो याच्या बराच वर असेल तर गॅस विजेपेक्षा स्वस्तच. पाइप गॅस असेल तर सिलेंडर संपायची भानगड नाही, फक्त गिझर पाइप गॅससाठी बनवलेलाच घ्यायचा, सिलेंडरचा तसाच जोडायचा नाही, दोन्हीचे जेट वेगळे असतात.

पण ताई, बाथरूमच्या आत गॅस गिझर बसवायला मी कोणालाच हो म्हणत नाही, कितीही आग्रह केला तरी. बंद बाथरूममधे तो गिझर तिथलाच ऑक्सिजन खातो, ऑक्सिजन कमी पडला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, चक्कर येते, माणसाला वाटतं गरम वाफेने होतंय, आणि बाहेर यायचं त्राण उरत नाही. थंडीत लोक खिडकी, एक्झॉस्ट सगळं बंद करून अंघोळ करतात, त्याच दिवसांत असे जीव गेल्याच्या बातम्या येतात. गॅस गिझर लावायचाच तर ड्राय बाल्कनीत, उघड्यावर, धूर बाहेर नेणाऱ्या पाइपसकट, आणि फक्त गरम पाण्याची लाइन आत. तुमच्या रो हाऊसला खाली अशी जागा दिसत नाही आणि वर टाकी अगदी डोक्यावर असल्याने पाण्याचा प्रेशर इतका कमी पडेल की गिझर पेटणारच नाही. म्हणून तुमच्यासाठी हा पर्याय मी सोडून देतो.

हीट पंप चांगली वस्तू आहे, त्याबद्दल गैरसमज नको. तो हवेतली उष्णता घेऊन पाण्यात घालतो, त्यामुळे जे काम गिझर ५ युनिटमधे करतो ते हा पावणेदोन-दोन युनिटमधे करतो. पहाटेच्या ८-१० डिग्रीत त्याची ताकद कमी होते म्हणून टायमर लावून दुपारी चालवायचा. ज्या फ्लॅटला गच्चीचा हक्क नाही, किंवा हॉस्टेल, हॉटेल, जिथे दिवसभर गरम पाणी लागतं, तिथे मी स्वतः सुचवतो. तुमच्याकडे गच्ची स्वतःची आहे, ऊन आहे, आणि वर्षातले आठ-नऊ महिने सोलर तेच काम जवळपास फुकट करतो. हीट पंपाची जास्तीची किंमत तुमच्या वापरात वसूल व्हायला फार काळ लागेल, शिवाय त्यात कॉम्प्रेसर, फॅन, बोर्ड, म्हणजे बिघडायला जागा जास्त.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही पण विचार करून ठेवा. छतावर विजेचे सोलर पॅनेल बसवायचा पुढे विचार आहे का? २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली, त्यात ३ किलोवॅट किंवा त्याच्या वरच्या सिस्टिमला ७८,००० रुपये सबसिडी आहे. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. पाणी तापवायच्या सोलरवर केंद्राची तशी सबसिडी आता नाही. तर गच्ची लहान असेल आणि पॅनेल नक्की बसवणार असाल तर आधी पॅनेलची जागा आखा, आणि गरम पाण्याची टाकी पॅनेलच्या उत्तरेला ठेवा म्हणजे तिची सावली पॅनेलवर पडणार नाही. पॅनेलची जागा आखून काहीच उरत नसेल तर मात्र सगळा हिशोब बदलतो, तेव्हा हीट पंप परत विचारात घ्यावा लागेल.

सासूबाईंच्या बंबाबद्दल. त्यांचं म्हणणं मला पटतं, बंबाचं पाणी शेवटच्या माणसापर्यंत कढत राहतं आणि वीज गेली तरी अडत नाही. मागे मोकळं अंगण असेल तर सणावाराला जरूर पेटवा. पण बंबाचा धूरही गॅस गिझरइतकाच घातक, तेव्हा तो बाथरूममधे किंवा बंद पॅसेजमधे कधीच नको.

आता पाइप. तुमचा सोलर गच्चीवर, सासऱ्यांचं बाथरूम खाली आणि घराच्या दुसऱ्या टोकाला. पाऊण इंची पाइपात दर मीटरला पाव लिटर पाणी राहतं, २० मीटर पाइप असेल तर ५ लिटर गार पाणी गेल्याशिवाय गरम येत नाही, आणि पहाटे ५ ला ते ५ लिटर सोडून द्यायला कोणालाच बरं वाटत नाही. कोणी एक इंची टाकला असेल तर अजून जास्त. गरम पाण्याची लाइन पाऊण इंचीच ठेवा, सीपीव्हीसी (गरम पाण्यासाठीचा प्लॅस्टिक पाइप) चालेल, साधा यूपीव्हीसी प्लॅस्टिक पाइप गरमला चालत नाही, जुना जीआय म्हणजे लोखंडी असेल तर या निमित्ताने काढून टाका. आणि पाइपवर काळ्या फोमचं इन्सुलेशन घ्या, वरून उन्हापासून वाचवायला टेप किंवा पत्र्याचं कव्हर, नाहीतर नुसता फोम दोन उन्हाळ्यांत चुरा होतो. इन्सुलेशनमधे लोक पैसे वाचवतात आणि मग सोलरला नावं ठेवतात.

"रात्री पाणी कढत असतं आणि सकाळी गार", ही तक्रार मी सतत ऐकतो, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत सोलर ठणठणीत असतो. दोष असतो मिक्सरमधे, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळात. हेल्थ फॉसेट किंवा हँड शॉवर मिक्सरच्या पुढे लावलेला असतो, माणूस शॉवरचं बटण सोडतो पण मागचे गरम-गार दोन्ही कॉक उघडेच राहतात, मग गार पाणी मिक्सरमधून गरमच्या लाइनीत शिरतं आणि रात्रभर हळूहळू वर सोलरच्या टाकीत जातं. गारच्या लाइनीला प्रेशर पंप असेल तर हे हमखास होतं. तुमचं पाणी कोमट येण्यामागे हेही असू शकतं, एक रात्र तिन्ही बाथरूमचे मिक्सर मागून पूर्ण बंद करून बघा, फुकटची टेस्ट आहे. नवीन कामात गरमच्या प्रत्येक फाट्याला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) टाका. आणि प्रेशर पंप आहे किंवा बसवायचा विचार आहे का ते डीलरला आधीच सांगा, साध्या सोलर टाकीला पंपाचा प्रेशर दिला तर टाकी फुगते, शिवणी उकलतात. पंप हवाच असेल तर प्रेशरवाली टाकी घ्यावी लागते, ती महाग आहे. तुम्ही पंप टाळू शकत असाल तर टाळा.

सासऱ्यांच्या बाथरूमला १५ लिटरचा स्टोरेज गिझर बसवा, ५ स्टारचा, आणि सोलरची गरम लाइन त्या गिझरमधून न्या. म्हणजे पाइपातलं गार पाणी आधी गिझरमधे जातं, गिझरमधलं आधीच तापलेलं पाणी नळाला येतं, मागून सोलरचं गरम पाणी पोचतं आणि थर्मोस्टॅट गिझर बंद करतो. पहाटे ५ ला पहिल्या तांब्यापासून गरम पाणी. १५ लिटर २० वरून ६० डिग्रीला न्यायला ०.७ युनिट, म्हणजे २ किलोवॅटच्या कॉइलला २० मिनिटांच्या आसपास. तीन लिटरचा इन्स्टंट तिथे नको, ३ किलोवॅटचा असला तरी थंडीत मिनिटाला पावणेदोन लिटरच्या आसपासच पाणी देतो, बादली भरेपर्यंत म्हातारं माणूस कुडकुडत उभं राहतं. गिझरला तीन कॉकचा बायपास ठेवा, कारण एप्रिल-मे मधे सोलरचं पाणी ७०-८० डिग्री येतं, तेवढं गिझरमधून घालायचं नाही, तेव्हा थेट लाइन चालू. आणि सोलरच्या टाकीतच इलेक्ट्रिक कॉइल टाकून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, पावसाळ्यात एका माणसाच्या अंघोळीसाठी २०० लिटर तापवायला ९ युनिटच्या वर जातात.

याच ७०-८० डिग्रीच्या पाण्यावरून एक फार महत्त्वाचं. ६० डिग्रीचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, आणि वयस्कर माणसाची कातडी पातळ, हातही लवकर मागे घेतला जात नाही. खालच्या बाथरूमला थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-गार मिसळून ठरलेल्याच तापमानाचं पाणी देणारा) बसवून तो ४२ डिग्रीवर लॉक करा. लहान मुलं असतील तर वरच्यालाही. गिझरचं अर्थिंग तपासून घ्या, १६ अँपियरचा पॉइंट, ४ स्क्वेअर एमएमची वायर, आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच). गिझरच्या वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे प्लग मारणारे प्लंबर असतात, ठिबकतो म्हणून. तो ठिबकायलाच बसवलेला असतो, त्याला एक बारीक पाइप जोडून खाली सोडा.

कोटेशन घेताना सोलरची किंमत आणि प्लंबिंगची किंमत वेगवेगळी लिहून मागा, नाहीतर सोलर स्वस्त दाखवून पाइपात वसूल करतात. आतली टाकी कसली आणि किती जाडीची, इन्सुलेशन किती मिलिमीटर, ट्यूब किती, हार्डनेसची अट काय, हे बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. मॅग्नेशियमचा रॉड आहे का विचारा, तो स्वतः झिजतो आणि टाकी वाचवतो, दोन वर्षांनी काढून बघायचा. नवीन काळी टाकी सोलरच्या टाकीपेक्षा वर हवी, तिचं बूड सोलरच्या टाकीच्या डोक्याच्या निदान फूटभर वर, आणि सोलरचा व्हेंट पाइप काळ्या टाकीच्या पाण्याच्या पातळीच्याही वर. भरलेली ५०० लिटरची टाकी म्हणजे अर्धा टन वजन, ते कॉलम-बीमवर यायला हवं, मोकळ्या स्लॅबच्या मधोमध नाही. स्टँडसाठी स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर बोल्ट घ्या, पावसाळ्यात वॉटरप्रूफिंग गेलं तर तो खर्च सोलरच्या वर जातो.

म्हणजे तुमच्यासाठी माझं उत्तर, नळाच्या पाण्याची वेगळी ५०० लिटरची टाकी, २०० लिटरचा ट्यूबवाला सोलर, खाली १५ लिटरचा गिझर, वरच्या दोन बाथरूमना सोलरची थेट लाइन आणि पावसाळ्यापुरता त्यातल्या एकाला छोटा स्टोरेज गिझर. पैसे एकदम नसतील तर आधी गिझर आणि आरसीसीबी, मग पाण्याची वेगळी लाइन, सोलर सगळ्यात शेवटी, दिवाळीच्या आत झाला तरी थंडीला वेळेत आहे. सोलर बसवायचा दिवस ठरला की ट्यूबमधे पाणी पहाटेच भरायला सांगा, दुपारी तापलेल्या रिकाम्या ट्यूबमधे गार पाणी सोडलं की त्या तडकतात. उन्हाळ्यात सुट्टीला गावी जाणार असाल तर अर्ध्या ट्यूबवर किंतान किंवा शेडनेट टाकून जा. हार्डनेसचे दोन्ही आकडे आले की कळवा, आणि गच्चीचा दक्षिणेकडचा एक फोटो सकाळी ९ वाजताचा पाठवा, सोलर नेमका कुठे उभा करायचा ते मी त्यावरून सांगतो.